फॉरेस्टचा डोनाल्ड

मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की आई-वडिलांच्या मनात आज ना उद्या एक प्रश्न घर करतोच: आमच्यामागे याचं कसं होणार? डोनाल्ड ट्रिपलेटची गोष्ट अशा प्रत्येक घरात पोचायला हवी.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. चार वर्षांचाही नव्हता, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं गेलं. वर्षभराने आई-वडिलांनी त्याला घरी आणलं.

पुढे तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. डोनाल्डला मोजण्याचं वेड. जोडप्याने ते मोडून काढलं नाही. त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते सांगायचं काम दिलं. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजत बसे, तर हाती नांगर दिला. नांगरता नांगरता मोज म्हणाले. मेलेले पक्षी-किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला शेतात जागा करून दिली. कॅनर भेटायला गेले तेव्हा डोनाल्डने घोडा जुंपून सहा लांब ओळी नांगरल्या. मूल ‘सुधारलं’ की मग आपल्यात घेऊ, असं ते जोडपं म्हणालं नाही. मला या साऱ्या हकिकतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

डोनाल्ड कॉलेजात शिकला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर फिरला. ओळखीच्या माणसांना तो एकेक आकडा देई. त्याच्यावरच्या २०१० सालच्या लेखासाठी पत्रकार गावात आले, तेव्हा त्याला त्रास दिलात तर याद राखा, असं लोकांनी त्यांना बजावलं.

अर्थात बँक घरच्यांचीच होती, आणि कुटुंब गोरं, सुखवस्तू. त्या काळच्या मिसिसिपीत एखाद्या गरीब कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला हे आलं असतं, असं मला वाटत नाही. पण नुसत्या पैशाने गावाचा जीव जडत नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसा तोही इतरांना कळत नाही. मग समजून घेण्याचं सगळं ओझं त्या एकट्यावरच का?

तुमच्या इमारतीत असं मूल असेल, तर त्याला आवडतं त्याच विषयावर त्याच्याशी बोला. रेल्वेचं वेळापत्रक असेल, नाहीतर पंख्यांचे प्रकार. त्याने तुमच्याकडे पाहिलं नाही, तरी त्याचं लक्ष नाही असं समजू नका.