भंडारदऱ्याचे धबधबे बघायला निघालात? आधी धरणाची पातळी बघा

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलंय. मोबाइलवरचा अंदाजही हलक्या सरींचा. ‘आज जाऊन येऊ’ म्हणत तुम्ही नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला निघता, साधारण ७० किलोमीटर. रंधा धबधब्याजवळ पोहोचता तर प्रवरा दुथडी भरून वाहतेय आणि खाली उतरायला बंदी. पाऊस नसताना एवढं पाणी आलं कुठून?

उत्तर वरच्या अंगाला आहे, विल्सन धरणात.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. ते १९८६ मध्ये जाहीर झालं. जिल्हा अहिल्यानगर, तालुका अकोले, पण कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे. इथले धबधबे फोटोत सारखेच दिसत असले, तरी त्यांचे प्रकार दोन आहेत.

पावसाचे आणि धरणाचे

रतनवाडी, घाटघर, साम्रद या बाजूला रस्त्यालगत कोसळणारे धबधबे थेट पावसाचे. पाऊस थांबला की काही तासांत ते रोडावतात, सप्टेंबरनंतर बरेचसे गायबच होतात.

अंब्रेला फॉलचं तसं नाही. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या भिंतीतून सोडलेलं पाणी खालच्या गोलसर कातळावर पसरतं आणि छत्रीचा आकार घेतं. व्हॉल्व्ह बंद, तर छत्रीही बंद. भर पावसात जाऊन कोरडा कातळ बघून परतलेले लोक भेटतात, ते यामुळेच.

रंधा या दोन्हींच्या मधला. सुमारे १७० फुटांवरून घळीत कोसळणारी ही प्रवराच, पण तिच्यावर वर धरण आहे. सुरुवातीच्या पावसात इथं मुख्यतः धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी येतं. धरण भरत आलं, बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये, की विसर्ग सुरू होतो आणि रंध्याचं खरं रूप दिसतं.

धरणाची क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसीच्या थोडं वर. ते काठोकाठ भरेपर्यंत थांबता येत नाही. घाटघर-रतनवाडीत पाऊस कोसळत असेल, तर येणाऱ्या पाण्यासाठी जागा ठेवावी लागते आणि आधीच पाणी सोडलं जातं. म्हणून रंध्यावर ऊन असलं, तरी नदी वाढू शकते.

क्युसेक म्हणजे नेमकं किती?

बातमीत ‘विसर्ग पाच हजार क्युसेक’ असं वाचून आपण पुढं स्क्रोल करतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. पाच हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे १४ टँकर दर सेकंदाला तुमच्या समोर रिकामे होतायत, असं समजा. त्यामुळे आकडा वाढलेला दिसला, तर घोरपडादेवी मंदिराच्या परिसरात कठड्याच्या आतूनच रंधा बघावा. सेल्फीसाठी ओल्या कातळावर उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पावसाच्या ओढ्यांत मात्र आकडा सांगायला कुणी नसतं. सह्याद्रीचा उतार तीव्र, खालचा बेसॉल्ट फार पाणी मुरू देत नाही. डोंगरमाथ्यावर जोराची सर आली, की थोड्याच वेळात ते पाणी खाली हजर. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि पाणी वाढल्यावर काठ गाठता आला नाही. दुर्घटनेचा तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल.

ओढ्यात असताना पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान तिथंच टाकून बाहेर पडा. आणि बाहेर पडायचं ते गाडी उभी आहे त्याच काठावर. पलीकडे गेलात तर रात्र तिथंच काढावी लागू शकते.

निघण्यापूर्वी भंडारदऱ्याचा पाणीसाठा आणि विसर्गाची त्या दिवशीची बातमी बघा. पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश आहे का, तेही तपासा. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं, रेंजचा भरवसा नाही, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करा. घाटघरचा रस्ता दुपारनंतर धुक्यात हरवतो. तिकडं जायचं असेल तर सकाळीच जाऊन या, रंधा परतीच्या वाटेवर बघता येईल.