गिऱ्हाईक कोणाचं?

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतून दरवर्षी गणपतीच्या कितीतरी आधी मूर्तींचे टेम्पो मुंबई-पुण्याकडे निघू लागतात. शहरात पोचल्यावर मंडपावर पाटी लागते, ‘पेणच्या सुबक गणेशमूर्ती’. पाटीवर नाव पेणचं असतं, पावतीपुस्तकावर मात्र स्टॉलवाल्याचं. कोणत्या घरी किती उंचीची मूर्ती जाते, कोणाला सिंहासनावर बसलेली हवी, कोणाला दरवर्षी तोच साचा लागतो, कोणाचा गणपती दीड दिवसाचा आणि कोणाचा दहा दिवसांचा, हे सगळं स्टॉलवाल्याच्या वहीत नोंदलेलं असतं. यात त्याने कोणावर अन्याय केलेला नाही. तो आगाऊ पैसे देतो, जागेचं भाडं भरतो, न खपलेल्या मालाची जोखीम उचलतो. पण मूर्ती घडवणारा पेणचा आणि गिऱ्हाईक वहीवाल्याचं, ही वाटणी एकदा झाली की पुढच्या वर्षीचा भाव कोण ठरवणार हेही ठरून जातं.

इंटरनेटवर कमिशनवर माल विकणाऱ्या तरुणांना हेच कोडं आज नव्या रूपात भेटतं आहे. त्याला अ‍ॅफिलिएट विक्री म्हणतात. व्यवहार सोपा आहे. कंपनी तुम्हाला एक खास लिंक देते, ती तुम्ही लोकांपर्यंत पोचवता, त्या लिंकवरून कोणी खरेदी केली तर ठरलेली टक्केवारी तुमच्या खात्यात जमा होते. माल ठेवायला गोदाम नको, भांडवल नको, दुकान नको. अ‍ॅमेझॉनने 1996 मध्ये अशी योजना सुरू केली आणि आज हॉटेल-बुकिंगपासून विम्यापर्यंत असंख्य कंपन्या याच पद्धतीने गिऱ्हाईक मिळवतात. पेण किंवा रोह्यासारख्या गावात बसून मोबाइलवर हे करता येतं, म्हणून त्याचं आकर्षण मोठं आहे. माझं म्हणणं एवढंच की, ज्याने लिंक वाटण्याआधी स्वतःची यादी बांधली नाही, तो नव्या बाजारातही मंडपाबाहेरच उभा राहतो. लिंकवर बोट पडताच गिऱ्हाईक कंपनीच्या दुकानात शिरतं. नाव, पत्ता, आवडनिवड सगळं कंपनीकडे नोंदलं जातं, आणि आणून सोडणाऱ्याच्या हाती काही रुपये उरतात.

ते रुपये किती, याचा अंदाज घेऊ. धरून चाला की वस्तू 1,500 रुपयांची आहे, कमिशन पाच टक्के, आणि लिंक उघडणाऱ्या शंभरांतल्या दोघांनी ती घेतली. हाती आले दीडशे रुपये. उरलेले 98 जण कोण होते, त्यांना काय हवं होतं, ते का थबकले, याचा पत्ता लागत नाही. उद्या पुन्हा शंभर माणसं गोळा करण्यापासून सुरुवात. शिवाय टक्केवारी ठरवणं तुमच्या हातात नसतं. एप्रिल 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसुधारणेच्या वस्तूंवरचं कमिशन आठ टक्क्यांवरून तीनवर आणि किराण्यावरचं पाचवरून एकावर आणलं. त्यावर घर चालवणाऱ्यांचं उत्पन्न एका सूचनेनिशी निम्म्याहून खाली गेलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 29 जून 2020 रोजी, भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्यांचे तिथे लाखो चाहते होते, त्यांच्याकडे त्या चाहत्यांपैकी एकालाही ‘मी आता इथे आहे’ असं कळवायचं साधन उरलं नाही. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मुद्दा एवढाच की, दुसऱ्याच्या अंगणात जमलेली गर्दी अंगण बंद झाल्यावर आपल्यामागे येत नाही.

ईमेलची यादी इथे वेगळी ठरते. पत्ता एकदा खुशीने मिळाला की तो तुमच्याकडे राहतो. पत्र पाठवण्याची सेवा बदलली, कंपनी बदलली, कमिशन बंद पडलं, तरी यादी उचलून दुसरीकडे नेता येते. लोक पत्ता देतात ते मात्र काही मिळणार असेल तरच, आणि हा धडा मराठी माणसाला इंटरनेटने दिलेला नाही. 1920 साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली ती नांगर, चरक, पंप बनवणाऱ्या कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी तिच्यात नुसती मालाची तारीफ छापली असती तर ती रद्दीत गेली असती. त्यांनी वाचकाला वाचण्यासारखं काही दिलं, म्हणून त्या पत्रिकेचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडं निघाली. नांगराचं गिऱ्हाईक आणि मासिकाचा वाचक ही एकच यादी असू शकते, हे शंभर वर्षांपूर्वी मराठीत सिद्ध झालेलं आहे.

आता रोहा तालुक्यातलं कोलाड पाहा. कुंडलिका नदीतलं राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सकाळी सुटतं, म्हणून मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला वेळेवर पोचावं लागतं, बहुधा आदल्या रात्री मुक्कामाला यावं लागतं. पाणी कधी सुटतं, पोहता न येणाऱ्याने काय करावं, मुलांना कोणत्या वयात नेता येतं, रेल्वेने आलं तर रोह्याला उतरून पुढे कसं जायचं, ही माहिती स्थानिक माणसाइतकी नेमकी कोणाकडे असणार? ती चार पानांत नीट लिहून ‘पत्ता द्या, पाठवतो’ म्हणणाऱ्या कोलाडच्या तरुणाची यादी वाढेल. पुढे त्याच लोकांना तो मुक्कामाची जागा, पाण्यात न भिजणारी पिशवी, पावसाळी बूट यांच्या लिंक सुचवू शकतो आणि कमिशन मिळवू शकतो. हिवाळ्यात पोपटीचा, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा, बेत कळवू शकतो, त्यावर कमिशन नसलं तरी. किंबहुना कमिशन नसलेली पत्रं जास्त असावीत, कारण कमिशनवाल्या पत्रावर विश्वास बसतो तो त्यांच्यामुळेच. पेणच्या मूर्तिकाराचं असंच. शाडू आणि प्लास्टर यांतला फरक, मूर्ती घरी नेताना घ्यायची काळजी, बादलीतलं विसर्जन, हे सगळं त्याच्या बोटांत आहे. पोह्याचे पापड करणाऱ्या महिला गटांनाही आपल्या खरेदीदाराचं नाव ठाऊक असायला हवं. तिथेही पाकीट दुकानात जातं आणि नाव दुकानदाराकडे राहतं.

इथे सगळ्यात ठळक आक्षेप येतो: ईमेल वाचतो कोण? आपल्याकडे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. आक्षेपात तथ्य आहे. रोह्याच्या बाजारातल्या दुकानाने रोह्याच्याच गिऱ्हाइकाला ईमेल करणं हास्यास्पद ठरेल. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नावांची मर्यादा आहे, समोरच्याने तुमचा नंबर जतन केलेला असेल तरच निरोप पोचतो, आणि घाऊक निरोप धाडणाऱ्याचा नंबर बंद होतो तेव्हा दाद मागायला खिडकी नसते. दुसरं, पेणचं गिऱ्हाईक पेणच्या रस्त्यावर नाही. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस इथे मूर्ती जातात, आणि समुद्रमार्गे जायच्या म्हणून उत्सवाच्या कित्येक महिने आधी कंटेनर भरावे लागतात. तिथल्या मराठी कुटुंबांची सवय ईमेलची आहे. 1981 पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही सभासदांपर्यंत बातमीपत्रातूनच पोचत आलं आहे. नाशिक किंवा बंगळुरूच्या नोकरदाराचंही तेच. गिऱ्हाईक ज्या वाटेने येतं ती वाट धरावी. व्हॉट्सअ‍ॅप गप्पांसाठी ठेवावं, नोंद ईमेलची करावी.

दुसरा आक्षेप घाईचा आहे. एवढा उपद्व्याप कशाला, हजारो पत्त्यांच्या तयार याद्या बाजारात विकत मिळतात! मिळतात, आणि त्या घेणाऱ्याचं नुकसान पहिल्याच महिन्यात सुरू होतं. फेब्रुवारी 2024 पासून गूगलने घाऊक पत्रांसाठी नियम कडक केले. जीमेलकडे दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध करायची, एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यायची, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या खाली ठेवायच्या. विकत घेतलेल्या यादीतली माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. ती तक्रारच करणार. मग ज्याने खुशीने पत्ता दिला त्याचंही पत्र स्पॅमच्या पेटीत पडतं. कायद्याचंही पाहा. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये मंजूर झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून दिलेली हवी आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं, हे त्याचं सूत्र. कोकणात आजही काही घरं गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, आपला पाट नेऊन ठेवतात आणि मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो. ईमेलचा पत्ता त्या पाटासारखा धरावा: घरच्याने स्वतः आणून ठेवलेला, एका कामासाठी दिलेला, दुसऱ्याला परस्पर न द्यायचा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कमिशन मिळणार म्हटल्यावर शिफारस निर्मळ राहील का? पुष्कळदा राहत नाही. कर्जाची अ‍ॅप, ट्रेडिंगचे वर्ग, झटपट गुंतवणूक यांवर कमिशन घसघशीत असतं, आणि ते घसघशीत असण्याचं कारण गिऱ्हाइकाच्या खिशात दडलेलं असतं. पेणला हे कोणी शिकवायला नको. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि गावोगावच्या ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. ज्या ओळखीच्या माणसाने ‘बिनधास्त ठेव’ म्हटलं होतं त्याच्या शब्दाचं पुढे काय झालं, ते तिथल्या घराघरांत माहीत आहे. लहान गावात शिफारस फसली तर माणूस रस्त्यात भेटतो. तेव्हा पैशांच्या योजना यादीत आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कमिशन कितीही असो. बाकी वस्तूंबाबत उपाय साधा आहे: ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं’ हे पत्रात वरच लिहायचं. हा नुसता सभ्यपणा नाही. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असं नातं उघड करणं बंधनकारक आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत, पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उघड सांगितल्याने विक्री घटते ही भीती काही अंशी खरी असेल. जी विक्री सांगितल्याने घटते ती लपवूनच झाली असती, एवढंच त्यावर म्हणता येईल. जाता जाता आणखी एक: काही कंपन्या पत्रात थेट लिंक घालू देत नाहीत. करार न वाचता लिंक धाडली तर साठलेलं कमिशन जप्त होतं. अटी कंटाळवाण्या असतात, तरी वाचाव्यात.

यादी नसण्याची किंमत पेणने 2025 मध्ये पाहिली. जानेवारीच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदीची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितलं. जूनमध्ये मूर्ती घडवण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक जलाशयात त्या विसर्जित करता येणार नाहीत हेही स्पष्ट झालं. त्या चार-साडेचार महिन्यांत शहरातलं गिऱ्हाईक संभ्रमात होतं. ज्या कारखानदाराचा सगळा माल घाऊक जातो, त्याला त्या गिऱ्हाइकाशी एक वाक्य बोलायचं तरी ते स्टॉलवाल्याच्या मेहेरबानीने. पाचशे घरांचे पत्ते हाताशी असते तर शाडूचा पर्याय, त्याचा वाढीव भाव आणि त्यामागचं कारण एका पत्रात कळवता आलं असतं. कमिशनची लिंक यात कुठेच नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचं: कमिशन हे यादीचं जोडउत्पन्न आहे, यादीचा हेतू नव्हे.

व्यापाऱ्याला डावलून सगळं स्वतः विका, असं कोणी यातून ऐकू नये. घाऊक माल आजही पेणचं पोट भरतो आणि पुढची कितीतरी वर्षं भरेल. पण कारखान्यावर येऊन मूर्ती नेणारी कुटुंबंही आहेत, आणि सुरुवात तिथूनच करावी. 2026 चा गणेशोत्सव 14 सप्टेंबरला सुरू होतो. मूर्ती गाडीत ठेवताना गिऱ्हाईक खुश असतं. त्याच वेळी विचारा, ‘पुढच्या वर्षी नवे नमुने आले की कळवू का?’ हो म्हणालं तर नाव, ईमेल आणि कशासाठी घेतलं ते लिहून ठेवा, नाही म्हणालं तर वही मिटा.