घरासाठी इलिप्टिकल घेताना : स्वस्त असावे, पण आपल्या मापाचे असावे



मे महिन्यात आपल्या वडोदऱ्यात सकाळी आठनंतर बाहेर पाऊल ठेववत नाही आणि पावसाळ्यात सयाजीबागेतल्या फेऱ्या बंद पडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा तर अनेकांचे चालणे कितीतरी दिवस थांबले होते. म्हणूनच की काय, 'घरी इलिप्टिकल घ्यावे का आणि कोणते घ्यावे?' हा प्रश्न अलीकडे सभासदांकडून वारंवार येतो. त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे, म्हणून हा लेख.

आधी एक अनुभव. आमच्या परिचयातल्या एका घरी परगावच्या मुलाने आई-बाबांसाठी ऑनलाइन यंत्र मागवले. खोके आठवडाभर दिवाणखान्यात पडून होते. जोडणारा माणूस आला तोवर परत करण्याची मुदत संपली होती. काका उंच, यंत्राचे पाऊल आखूड. दोन दिवसांत त्यांचे गुडघे दुखू लागले. आज त्या यंत्रावर टॉवेल वाळतात. पंधरा हजार गेले ते गेलेच, पण काकांनी व्यायामाचे नावच टाकले, याचे आम्हांला जास्त वाईट वाटते.

यंत्र काय करते?

दुकानात यालाच 'क्रॉस ट्रेनर' म्हणतात. दोन पेडलांवर उभे राहून पाय लांबट गोल फिरवायचे आणि हातांनी दांडे पुढे-मागे करायचे. पाऊल पेडलवरून उचलले जात नाही, त्यामुळे धावताना टाच जमिनीवर आपटून बसतो तसा दणका गुडघ्याला बसत नाही. मात्र शरीराचे वजन पायांवरच असते. ज्यांना चक्कर येते, तोल जातो किंवा गुडघ्याला सूज आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अशांना पाठ टेकून चालवायची व्यायामाची सायकल अनेकदा जास्त सोयीची पडते.

पहिले माप पावलाचे

माहितीपत्रकात 'स्ट्राइड लेंग्थ' असे लिहिलेले असते. म्हणजे पेडल पुढे-मागे किती जाते ते अंतर. साधारण सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला १४ ते १६ इंच चालू शकते. साडेपाच फुटांच्या पुढे १८ इंच तरी हवे आणि त्याहून उंच माणसाला २० इंच बरे. पाऊल आखूड असले की चालल्यासारखे न वाटता जिना चढल्यासारखे वाटते आणि गुडघा जास्त वाकतो. स्वस्त यंत्रांत काटछाट होते ती बहुधा इथेच. घरात दोघे-तिघे वापरणार असतील, तर सर्वांत उंच माणसाचे माप धरा.

दोन पेडलांमधले अंतरही पाहा. ते फार असेल तर पाय फाकून चालल्यासारखे होते आणि कमरेवर ताण येतो.

चाक, चुंबक आणि आवाज

आतले जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हालचाल सलग ठेवते. चाक फार हलके असले की प्रत्येक फेरीत झटका जाणवतो. जड आकड्यावर भुलू नका, पण चार किलोच्या आतले चाक असेल तर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. जोर कमी-जास्त करायला चुंबक वापरलेले यंत्र निवडावे. चुंबक चाकाला टेकत नाही, त्यामुळे झीज नाही आणि आवाजही कमी. पट्टा घासून जोर देणारी यंत्रे स्वस्त असतात, पण पट्टा झिजतो. पंख्याच्या हवेने जोर देणारी यंत्रे आवाज करतात. पहाटे पाचला उठणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा!

सीटही असलेली 'टू इन वन' यंत्रे आकर्षक दिसतात. त्यांतली बरीच हलकी आणि आखूड पावलाची असतात, उभे राहिले की डुगडुगतात. दोन कामे अर्धवट करणाऱ्या यंत्रापेक्षा एक काम नीट करणारे बरे.

खोलीचे माप

पेडल वर येते तेव्हा आपण जमिनीपासून सुमारे सव्वा फूट उंच असतो. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला डोक्यावर थोडी जागा धरून साडेसात फूट लागतात. पंख्याखाली यंत्र ठेवू नये, हात वर गेला की पात्याला लागेल. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत माळ्याची उंची आणि जिन्याची रुंदी दोन्ही आधी मोजा. यंत्र चाळीस किलोंच्या आसपास असू शकते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पुढे चाके असलेलेच घ्यावे, पाणी येऊ लागले की निदान सरकवता येईल.

पैसे कुठे घालावेत?

ढोबळ मानाने दहा-पंधरा हजारांत हलकी यंत्रे मिळतात. रोज वापरायचे असेल तर वीस ते पस्तीस हजारांत बरी निवड होते. पडदा, ब्लूटूथ, वीस प्रोग्रॅम यांत पैसे घालू नका. पडद्यावरचा कॅलरीचा आकडा अंदाजाचाच असतो. पैसे घालायचे ते मजबूत सांगाड्यात. यंत्राची वजनमर्यादा आपल्या वजनापेक्षा वीस किलो तरी जास्त असावी. वॉरंटी सांगाड्याला किती आणि सुट्या भागांना किती, हे वेगवेगळे विचारा. दुरुस्तीला माणूस वडोदऱ्यातच मिळतो ना, हेही विचारा. बिल जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुने यंत्रही वाईट नाही. न वापरलेली यंत्रे अनेक घरांत पडून असतात. दहा मिनिटे चालवा. कटकट आवाज, पेडलांचा ढिलेपणा आणि वेल्डिंगच्या जागचा गंज पाहा.

आणल्यानंतर

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पण सुरुवात पाच मिनिटांनी करा. चढताना स्थिर दांडा धरून आधी खालच्या पेडलवर पाय ठेवा. चाक पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका. नातवंडांची बोटे जपा. महिन्याभराने नट-बोल्ट पुन्हा आवळा. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत, यंत्र आले म्हणून ते सोडू नयेत.

परगावच्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना आमचे एकच सांगणे: आई-बाबांना भेट जरूर द्या, पण आधी त्यांना दुकानात नेऊन यंत्रावर दहा मिनिटे उभे करा. स्वतः येता येत नसेल तर इथल्या नातेवाइकांना सोबत पाठवा. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या शहरात व्यायामाची परंपरा जुनी आहे. ती टिकते रोज वापरल्या जाणाऱ्या साधनांवर, किंमत कितीही असो.

ज्यांच्याकडे यंत्र पडून आहे आणि ज्यांना हवे आहे, अशा दोघांनीही मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. गाठ आम्ही घालून देऊ.