दगडावाळूतली मोटारसायकल

डांबरी रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारसायकली तुम्ही रोज पाहता. पण समोर दगडगोटे, चिखल किंवा वाळू असेल तर? साधी मोटारसायकल तिथे अडकून पडते. अशा वाटांसाठी वेगळी मोटारसायकल लागते.

१९७६ साली जपानच्या यामाहा कंपनीने ‘एक्सटी ५००’ ही मोटारसायकल बाजारात आणली. ती रानवाटांवर फिरायला आणि शर्यतीत धावायलाही उपयोगी पडली. असे का? तिची रचना पाहा.

तिचे पुढचे चाक २१ इंचांचे, म्हणजे मोठे होते. मोठे चाक दगडावरून सहज चढते. टायरवर रबराचे जाड उंचवटे असतात. ते मातीत रुततात, म्हणून चाक घसरत नाही. इंजिन जमिनीपासून उंच असते, त्यामुळे ते दगडांवर आपटत नाही. या गाडीच्या इंजिनाला एकच सिलिंडर होता. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी! मात्र किक मारून ती सुरू करणे सोपे नव्हते. आधी एक छोटा दांडा ओढून सिलिंडरमधला दाब कमी करावा लागे.

१९७७ साली फ्रान्सचे थिएरी साबीन ही गाडी घेऊन आफ्रिकेतल्या एका शर्यतीत उतरले. वाळवंटात ते वाट चुकले. चहूकडे वाळूच वाळू! प्राण जाण्याची वेळ आली होती. सुदैवाने शोधणाऱ्यांना ते सापडले आणि वाचले.

दुसरा कोणी असता, तर त्याने वाळवंटाचे नावही घेतले नसते. साबीन यांनी मात्र पॅरिस ते डाकार अशी सुमारे १०,००० किलोमीटरची शर्यत सुरू केली. पहिली शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजी निघाली. मोटारसायकलींमध्ये सिरिल नेव्हू पहिले आले. त्यांची गाडी कोणती होती? एक्सटी ५००! पुढच्या शर्यतीतही तेच जिंकले.

आता ही शर्यत सौदी अरेबियात होते. २०१५ साली, ती दक्षिण अमेरिकेत होत असताना, सी. एस. संतोष यांनी ती पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले.

मुलांनो, साबीन यांची गाडी चांगलीच होती, तरीही ते वाट चुकले. म्हणून लक्षात ठेवा. यंत्र आपल्याला पुढे नेते. पण वाट ओळखणे, पाणी जवळ ठेवणे आणि डोक्यावर हेल्मेट घालणे ही कामे आपल्यालाच करावी लागतात.