क्षणाची किल्ली आणि कर्त्याचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण ओळख आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या कशा, ते पाहिलं. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण ग्रंथातून नाही; डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाच्या कामातून. तुमच्यापैकी पुष्कळजण आयटीतले आहात. तपशिलात मी घसरलो तर तिथल्या तिथे टोका.

पूर्वी कंपनीचा डेटाबेस कंपनीच्याच खोलीत असे. पासवर्ड चोरीला गेला तरी चोराला आधी फाटक, मग वॉचमन, मग कुलूप ओलांडावं लागे. क्लाउडमध्ये ही खोलीच गेली. जगात कुठूनही लॉगिनचं पान उघडतं, आणि पुष्कळदा मध्ये उभा असतो तो फक्त पासवर्ड. त्यातही ॲडमिनचा पासवर्ड म्हणजे सगळंच. वाचा, बदला, पुसून टाका.

२०२४ साली काय झालं बघा. स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेस सेवेच्या सुमारे १६५ ग्राहक संस्थांना त्यांचा डेटा धोक्यात असू शकतो, असं कळवावं लागलं. स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा कुणी फोडली नव्हती. तपास करणाऱ्या मँडियंटने सांगितलं ते असं: ग्राहकांच्या माणसांचे पासवर्ड व्हायरसने चोरले होते, त्यातले काही थेट २०२० सालचे, आणि ते तसेच चालत होते. दुसरी खातरजमा, म्हणजे मोबाइलवरचा कोड वगैरे, त्या खात्यांना नव्हती. एटी अँड टी या अमेरिकी कंपनीच्या जवळजवळ सगळ्या मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधल्या सहा महिन्यांच्या कॉलच्या नोंदी यातच गेल्या. कोणी कोणाला फोन केला, ते सगळं. चार वर्षं जुनी किल्ली, आणि कुलूप तेच!

यावरचा उपाय म्हणजे तात्पुरती किल्ली. कल्पना नवी नाही. एमआयटीतल्या केर्बेरॉसने १९८० च्या दशकातच मुदतीची तिकिटं वाटायला सुरुवात केली होती. आज तिचे दोन प्रकार दिसतात आणि त्यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पहिला प्रकार ॲमेझॉनच्या आरडीएसमध्ये मिळतो. डेटाबेसमधला युजर कायमचा, पण त्याला ठरलेला पासवर्डच नाही. तुम्ही क्लाउडच्या खात्यात आपली ओळख पटवायची, त्या ओळखीच्या सहीने एक टोकन बनवायचं आणि पासवर्डच्या जागी ते द्यायचं. टोकन चालतं १५ मिनिटं. इथे माणूस टिकतो, किल्ली क्षणिक असते.

दुसरा प्रकार हॅशिकॉर्पच्या व्हॉल्टसारख्या साधनाचा. तुम्ही प्रवेश मागितलात की व्हॉल्ट डेटाबेसमध्ये एक नवा युजरच जन्माला घालतं. नाव विचित्र, पासवर्ड कसाही जुळवलेला, आयुष्य समजा एक तास. तास संपला की युजर काढून टाकला जातो. इथे किल्लीच नव्हे, माणूससुद्धा क्षणिक!

आता तुम्ही म्हणाल, सर क्षणिकवादावर येणार. येणारच. सगळं क्षणिक आहे असं बौद्धांनी म्हटल्यावर त्यांच्या विरोधकांनी एक खोचक आक्षेप घेतला. कर्म करणारा दुसऱ्याच क्षणी नाहीसा झाला, तर फळ कोणी भोगायचं? केलेलं वाया जाणार आणि न केलेलं दुसऱ्याच्या माथी येणार. कृतनाश आणि अकृताभ्यागम. बौद्धांनी त्याला उत्तर दिलं, तो वेगळा विषय. पण डेटाबेसच्या खोलीत हा आक्षेप अगदी शब्दशः खरा ठरतो.

पहाटे ३ वाजता कुणीतरी ग्राहकांचं टेबल पुसलं. सकाळी लॉग उघडला तर एक विचित्र नाव, आणि त्या नावाचा युजर आता अस्तित्वातच नाही. तो कोणाला दिला होता हे फक्त व्हॉल्टच्या नोंदीत. ती नोंद ठेवलीच नसेल, किंवा डेटाबेसच्या लॉगशी जुळवता येत नसेल, तर कर्ता हरवला. म्हणून दोन्ही लॉग ठेवायचे, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्या ॲडमिनचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायचे.

पहिल्या प्रकारातही ही फट आहे. आरडीएसचं टोकन तुमच्याच मशीनवर सही करून बनतं; ते बनवल्याची नोंद ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये होत नाही. आता चौघांनी मिळून एकच 'ॲडमिन' युजर वापरला, तर लॉगमध्ये चौघांचा एकच चेहरा. टोकन १५ मिनिटांचं असून उपयोग काय? प्रत्येकाला स्वतःचा युजर द्या. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते मुदत कमी करण्यापेक्षा हे अधिक मोलाचं आहे.

आणि मुदत तरी कशाची? ती १५ मिनिटं दारातून आत येण्यासाठी आहेत, आत राहण्यासाठी नाहीत. एकदा जोडलेलं कनेक्शन टोकन संपल्यावरही चालू राहतं. पोस्टग्रेसमध्ये युजरला 'अमुक तारखेपर्यंत वैध' असं लिहिता येतं. ती तारीखसुद्धा पासवर्डपुरतीच. इतकंच काय, युजर काढून टाकला तरी त्याचं चालू सेशन आपोआप तुटत नाही. चोर आत बसला असेल तर त्याला वेगळा हुकूम देऊनच उठवावं लागतं. मुदत संपली म्हणून निर्धास्त झोपणारे इथे फसतात.

पोस्टग्रेसची आणखी एक गंमत. तासाभराच्या युजरने एखादं टेबल तयार केलं, तर मालक तोच. मग तास संपल्यावर त्याला काढायला जा, पोस्टग्रेस नकार देतं. याच्या नावावर वस्तू आहेत म्हणतं. कर्म शिल्लक आहे तोवर सुटका नाही! यावरचा उपाय आपल्या हाउसिंग सोसायटीत रोज दिसतो. बँकेतलं खातं सोसायटीच्या नावावर असतं, सेक्रेटरीच्या नाही. तसा एक कायमचा रोल ठेवायचा, ज्याने कुणी लॉगिन करायचं नाही, पण सगळ्या वस्तू त्याच्या मालकीच्या. येणाऱ्याने आल्याबरोबर तो रोल अंगावर घ्यायचा आणि मग काम करायचं.

आता मघाशी चिठ्ठी आली होती, ती घेतो. विचारलंय, मग कायमचा पासवर्ड एकही ठेवायचा नाही का? ठेवायचा, एक. टोकन देणारी यंत्रणाच रात्री बंद पडली तर आत जाणार कसं? पण तो कुणाच्या रोजच्या वापरात नको. दोन माणसं एकत्र आल्याशिवाय हाती लागू नये. वापरला की सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजावी आणि काम झालं की लगेच बदलावा. आणि हो, सहा महिन्यांतून एकदा तो चालतोय का हे खरंच लॉगिन करून बघा. पुढची चिठ्ठी कोणाची आहे?