वस्तूंना कामातून सुट्टी देणारा चित्रकार

खजरान्याच्या गणेश मंदिराच्या मागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढतात. इच्छा पूर्ण झाली की परत येऊन सरळ काढायचं. हा संकेत इंदूरमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उलटं म्हणजे मागणं, सरळ म्हणजे मिळालं. चित्रांतली प्रतीकंही अशीच ठरलेली असणार, असा आपला पक्का समज असतो. म्हणून चित्रासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, ‘याचा अर्थ काय?’ पान म्हणजे निसर्ग, घड्याळ म्हणजे काळ, किल्ली म्हणजे रहस्य. झालं, पेपर सोडवला!

प्रभाकर बरवे यांच्या चित्रांपुढे हा पेपर सुटत नाही. एखादं पान, फळ, शंख, ढग, घड्याळ, एखादं अक्षर. प्रत्येक गोष्ट स्पष्ट ओळखू येते, अगदी बालवाडीच्या तक्त्यासारखी. पण त्या सगळ्या एकत्र का आल्या आहेत, ते कळत नाही. स्वप्नातही असंच होतं ना? माणसं-वस्तू ओळखीच्या असतात, त्यांची संगत तेवढी अनोळखी असते.

बरवे यांचा जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. १९५९ मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेतून बाहेर पडले. १९६१ पासून त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागाच्या कापडासाठी नवीन नक्षी तयार करणारं हे सरकारी केंद्र. त्या काळातल्या बऱ्याच चित्रकारांचं पोट त्यावर चाललं. सुरुवातीची काही वर्षं ते बनारसला होते. तिथे त्यांच्या चित्रांत तंत्रकलेतल्या आकृत्या आल्या. पुढे मुंबईत त्या हळूहळू गळून गेल्या आणि त्यांच्या जागी घरातल्या वस्तू आल्या. मला हे वळण फार महत्त्वाचं वाटतं. तंत्रातल्या त्रिकोणाला, बिंदूला अर्थ आधीच चिकटलेला असतो. पानाला किंवा घड्याळाला तो आपण चिकटवतो, आणि तो काढताही येतो.

कापडाच्या नोकरीचाही यात वाटा असावा, असा माझा अंदाज आहे. साडीवरची बुट्टी आठवा. तिच्या खाली जमीन नसते, मागे क्षितिज नसतं, तिची सावली पडत नाही. कोयरी आणि मोर एकाच मापाचे असले तरी आपण हरकत घेत नाही. बरवे यांच्या वस्तूही तशाच तरंगतात. पानापेक्षा ढग लहान असला तरी चालतं.

दुसरी गंमत रंगाची. त्यांनी कॅनव्हासवर वापरला तो एनॅमल रंग. म्हणजे लोखंडी फाटकाला, कपाटाला, दुकानाच्या पाटीला लावतात तोच, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळणारा. हा रंग लावल्यावर स्वतःच पसरून सपाट होतो, ब्रशचे फराटे त्यात बुजून जातात. त्यामुळे चित्रकाराचा हात, त्याचा आवेश असं काही दिसत नाही. उरतो तो गुळगुळीत, शांत पृष्ठभाग आणि त्यावर कातरून ठेवल्यासारखा आकार. भावनेचा पूर येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी जणू रंग निवडतानाच ठरवून टाकलं.

आता आपल्या इंदूरकडे बघू. इथल्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले, म. फि. हुसेनही शिकले. हुसेन यांच्या चित्रांत कंदील, छत्री, तांब्या पुन्हा पुन्हा येतात. १९६७ मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या लघुपटातही छत्री, कंदील आणि जोडा आहे. त्याला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळालं. पण हुसेन यांचा कंदील कुणाचा तरी आहे. त्याच्याभोवती घर आहे, माणसं आहेत, गेलेले दिवस आहेत. बरवे यांचं घड्याळ कुणाचंच नाही. ते कुणाला उठवत नाही, कुणाची शाळा चुकवत नाही. त्याचं काम काढून घेतलं की उरतं एक वर्तुळ आणि दोन काटे, आणि मग ते फळाच्या गोलाईशी बोलू शकतं.

युरोपातल्या स्वप्नचित्रांशी त्यांची तुलना होते, ती मला अर्धीच पटते. साल्वादोर दाली यांनी १९३१ मध्ये घड्याळं वितळवली, बघणारा दचकतो. बरवे कशाचीही मोडतोड करत नाहीत. पान पानच राहतं. ते फक्त दोन वस्तूंमधलं अंतर बदलतात. म्हणून त्यांच्या चित्रात खरं बघायचं ते वस्तूंच्या मधली रिकामी जागा. पान आणि घड्याळ यांच्यामध्ये वीतभर मोकळा रंग सोडलेला असेल, तर नजर तिथे थांबते आणि नातं शोधू लागते. कधी आकाराचं साम्य सापडतं, कधी पानाच्या शिरा आणि घड्याळाचे काटे एका दिशेला वळलेले दिसतात, कधी काहीच सापडत नाही. तेही चालतं! प्रत्येक चित्र जमलंय असं नाही. काही ठिकाणी वस्तूंची नुसती यादी वाटते. पण जिथे जमलंय तिथून पाय निघत नाही.

हे सगळं त्यांनी आपल्या भाषेत लिहूनही ठेवलं. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक १९९० मध्ये आलं. त्यात स्टुडिओतले किस्से नाहीत, आकार आणि अवकाश यांचा विचार आहे, तोही मराठीत. कलेवरचं गंभीर काही वाचायचं तर इंग्रजीच हवं, असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा उघडावं. पाच वर्षांनी, १९९५ च्या डिसेंबरात, बरवे गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात चित्रांसोबत त्यांच्या रोजनिशाही होत्या.