एका मावशीमागे किती म्हातारे?

रुग्णालयांच्या खाटा मोकळ्या व्हाव्यात, या हिशेबातून अमेरिकेतली नर्सिंग होम वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशातून गावोगावी रुग्णालयं उभी राहिली. थोड्याच वर्षांत डॉक्टर कुरकुरू लागले की, बऱ्याच खाटा म्हाताऱ्यांनीच अडवल्यात. औषधोपचार संपलेत, पण घरी सांभाळणारं कोणी नाही. १९५४ साली अशांची सोय वेगळी करायला अनुदान मंजूर झालं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचा छोटा खासगी दवाखाना किंवा बाळंतपणाची जागा डोळ्यांसमोर येते. तिकडे ती आयुष्याचा शेवटचा पत्ता असते. इमारतीचा नकाशा रुग्णालयाचा आणि दिवसाचं वेळापत्रकही रुग्णालयाचंच.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. त्यातली मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना नर्सिंग होमचं बिल भरू लागली आणि या धंद्याला उधाण आलं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कसारख्या राज्यांत घोटाळे उघडकीला आले, चौकशी आयोग बसले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तो सगळा इतिहास पैसे खाण्याचा आहे आणि तो कुठल्याही देशात साधारण सारखाच असतो, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

रेंगाळावंसं वाटतं ते १९७६ पाशी. त्या वर्षी एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कनेटिकटमधल्या आर्डन हाउस या नर्सिंग होममधला आपला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं गेलं की, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोप दिलं. त्याची निगा ज्याची त्याने राखायची. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, तेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली आणि सिनेमाही दाखवला, पण रोपांना पाणी परिचारिका घालणार आणि सिनेमाचा वार कर्मचारी ठरवणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही दिसू लागली. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा त्या मजल्यावरच्या ४७ पैकी ७ जण वारले होते आणि दुसऱ्यावरच्या ४४ पैकी १३. माणसं इतकी थोडी असताना मृत्यूंच्या आकड्यावर फार भार देऊ नये, तशी टीका पुढे झालीही. तरी गेली पन्नास वर्षं हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून आहे. मला त्यातली एक गोष्ट खटकते. रहिवासी कसे आहेत हे परिचारिकांना विचारलं गेलं, त्यांनी गुण दिले. त्या स्वतः कशा आहेत, हे विचारण्याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

हा रकाना पुढेही बरीच वर्षं कोणी आखला नाही.

१९८७ चा नर्सिंग होम सुधारणा कायदा मात्र खरोखर मोठा. रहिवाशाच्या हक्कांची यादी त्यात आली आणि बांधून न ठेवलं जाण्याचा हक्कही आला. त्या काळी शंभरातल्या चाळीसच्या आसपास रहिवाशांना दिवसातला काही वेळ तरी बांधलेलं असायचं. कमरेला पट्टा, छातीवर मागून बंद जोडलेलं जाकीट, नाहीतर उठता येऊ नये म्हणून समोर घट्ट फळी लावलेली खुर्ची. कारण नेहमी एकच: पडतील. प्रत्यक्षात बांधलेल्या माणसाचे स्नायू गळतात, पाठीला जखमा होतात आणि सुटायच्या धडपडीत तो जास्तच वाईट पडतो. पेन्सिल्व्हेनियातलं केंडल हे क्वेकर पंथीयांचं निवासस्थान १९७३ साली सुरू झालं तेव्हापासूनच कोणाला बांधत नव्हतं, आणि तिथे काही आभाळ कोसळलं नाही. कायद्यानंतर हे प्रमाण घसरत आज शंभरात एकाच्याही खाली आलंय. (काही ठिकाणी पट्ट्याची जागा गुंगीच्या गोळ्यांनी घेतली, तेही सांगायला हवं.)

पट्टा सोडल्यावर लागतो माणूस. आजोबांना दोन-दोन तासांनी लघवीला नेलं तर ते एकटे उठून धडपडत नाहीत. म्हणजे दोन-दोन तासांनी कोणीतरी मोकळं हवं. हे कोणीतरी म्हणजे नर्सिंग असिस्टंट, आपल्या भाषेत मावशी. अंघोळ, कपडे, घास भरवणं, कूस बदलणं, चादर बदलणं, सगळं तिच्या हातचं. या कामात बहुसंख्य बायकाच आहेत, त्यातही कृष्णवर्णीय आणि हैती, जमैका, फिलिपीन्सकडून आलेल्या पुष्कळ. १९८७ च्या कायद्याने मावशींना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. बऱ्याच राज्यांत नखं रंगवण्याच्या परवान्याला याहून कितीतरी जास्त तास शिकावं लागतं. आणि एका मावशीमागे किती रहिवासी असावेत, यावर कायदा म्हणाला, कर्मचारी ‘पुरेसे’ असावेत. आकडा नाही.

आकडा नसला की काय होतं, हे टिमथी डायमंड या समाजशास्त्रज्ञाने आत शिरून पाहिलं. शिकागोत त्याने रीतसर मावशीचा कोर्स केला, नर्सिंग होममध्ये नोकऱ्या केल्या आणि १९९२ साली ‘मेकिंग ग्रे गोल्ड’ हे पुस्तक लिहिलं. त्याने नोंदलेलं जग आपल्या ओळखीचं आहे. तक्त्यावर अंघोळ लिहिली जाते, रक्तदाब लिहिला जातो. अंघोळीला घाबरणाऱ्या बाईचा हात धरून तिला दहा मिनिटं समजावलं, त्याला तक्त्यावर जागा नाही. ज्याला जागा नाही, त्याला वेळही नाही.

जवळपास त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावात बिल टॉमस नावाचा तरुण डॉक्टर चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये रुजू झाला होता. ८० रहिवासी, बहुतेक परावलंबी. त्याचं निदान असं की, इथे माणसं तीन गोष्टींनी खचतात: कंटाळा, एकटेपणा आणि असहायता. १९९१ साली त्याने कुत्री आणली, मांजरं आणली, खोल्याखोल्यांत रोपं ठेवली आणि शंभर छोटे पोपट मागवले. पक्षी आले, पिंजरे आलेच नाहीत. पोचवायला आलेल्या माणसाने पक्षी तळमजल्यावरच्या केस कापायच्या खोलीत सोडले, दार लावलं आणि तो चालता झाला. पिंजरे उशिरा आले, तेही सुटे भाग. कर्मचारी आत शिरून पक्ष्यांमागे धावताहेत आणि म्हातारी मंडळी काचेला नाक लावून पोट धरून हसताहेत. पुढे दुसऱ्या एका नर्सिंग होमशी तुलना केली, तर चेसमधली औषधं निम्म्यावर आली होती आणि मृत्यू १५ टक्क्यांनी कमी होते.

ही हकिकत जगभर पोचवली अतुल गवांदे यांनी, २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’मधून. गवांदे शल्यचिकित्सक, जन्म ब्रुकलिनचा, पण वडील विदर्भातल्या उटी गावचे. त्याच पुस्तकात आजोबा सीताराम गवांदे भेटतात. शंभरी ओलांडल्यावरही घोड्यावरून शेताची फेरी मारणारे, घरच्या महत्त्वाच्या निर्णयांत ज्यांचा सल्ला घेतला जायचा असे. अमेरिकेत असते तर नियमांच्या कोष्टकाने त्यांना केव्हाच नर्सिंग होममध्ये धाडलं असतं, असं नातू लिहितो. खरंच आहे. मराठी वाचकाला मात्र तिथे आणखी एक खोली दिसते, स्वयंपाकघराची. आजोबांचा मान राखणाऱ्या त्या भरल्या घरात राबणाऱ्या बायकांचे तास कोणी मोजले नव्हते. घरातले असोत की संस्थेतले, हे तास गृहीत धरण्याची सवय आपल्यालाही भरपूर आहे. गवांदे यांनी एकत्र कुटुंबाचं भाबडं गुणगान केलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

टॉमसने पुढे मोठी इमारतच बाद केली. २००३ साली मिसिसिपीतल्या टुपेलो गावात पहिली ‘ग्रीन हाउस’ उघडली: दहा-बारा माणसांचं घर, प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर, मधोमध चालू स्वयंपाकघर. खरा बदल मावशीच्या कामात होता. तिला नेहमीपेक्षा १२० तासांचं जादा प्रशिक्षण मिळालं. स्वयंपाक, साफसफाई, शुश्रूषा आणि दिवसाची आखणी, सगळं त्या घरातल्या मावशींच्या गटाकडे आलं. नर्स घरी येते आणि वैद्यकीय बाजू बघते; आज नाश्ता किती वाजता, हे ती सांगत नाही. लँगर-रोडिननी रोपासोबत रहिवाशाला जे दिलं, ते इथे कर्मचाऱ्यालाही मिळालं. पण देशात नर्सिंग होम १५ हजारांच्या घरात, रहिवासी १२ लाखांच्या आसपास, आणि ही घरं काहीशेच.

बाकीकडे काय चाललं होतं? २०१७-१८ च्या पगारपत्रकांवरून झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात कर्मचारी सोडून जाण्याचं सरासरी प्रमाण वर्षाला १२८ टक्के निघालं. शंभर जागा असतील तर वर्षात १२८ जण गेले. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना आपल्या अंगाला हात लावणारा चेहरा दर थोड्या महिन्यांनी नवा. त्या ओरडल्या, मारायला उठल्या की नोंद होते, ‘वर्तन आक्रमक’.

मग करोना आला. २०२० च्या फेब्रुवारीअखेर वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड इथल्या नर्सिंग होममध्ये साथ फुटली. सरकारी तपासात दिसलं की, अंगात लक्षणं असताना कर्मचारी कामावर येत होते आणि काही जण एकाहून अधिक ठिकाणी काम करत होते. त्यांना दोष देणं सोपं होतं. एका पगारात भागत नाही म्हणून दोन नोकऱ्या आणि आजारपणाची भरपगारी रजा नाही म्हणून तापातही हजेरी, ही व्यवस्था त्यांनी बांधलेली नव्हती. १३ मार्चला भेटींवर बंदी आली. दारावर ‘इथे वीर काम करतात’ असे फलक लागले. आत काही ठिकाणी ते वीर कचऱ्याच्या पिशव्या अंगाला गुंडाळून वावरत होते. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत रहिवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांवर माणसं गेली. कनेटिकटमधल्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांना करोना झालाच नाही त्यांचीही वजनं उतरली, मनं खचली. रोज जेवायच्या वेळी येऊन घास भरवणारी लेक दाराबाहेर राहिली होती. तिचेही तास तोवर कुठल्याच हिशेबात नव्हते.

अखेर एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने आकडा सांगितला. प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तासांची शुश्रूषा, त्यातले २.४५ तास मावशींचे. म्हणजे आठ तासांच्या एका पाळीत, सरासरीने, एका माणसाला ४९ मिनिटं: उठवणं, अंघोळ, कपडे, दोन जेवणं, शौचाच्या फेऱ्या, सगळं धरून. २००१ साली सरकारच्याच अभ्यासाने ४.१ तास सुचवले होते. तरी बहुतेक नर्सिंग होमना हे कमी केलेलं मापही झेपणारं नव्हतं. मालकांचं म्हणणं असं की, माणसं मिळत नाहीत आणि मेडिकेड पुरेसे पैसे देत नाही. खेड्यापाड्यांतल्या होमबाबत त्यात तथ्य आहे. पण गोदामात खोकी उचलून तेवढाच पगार मिळत असेल तर माणसं का मिळत नाहीत, याचं उत्तर त्याच वाक्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने नियम रद्द ठरवला आणि जुलैत अमेरिकी काँग्रेसने अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबणीवर टाकली. म्हणजे व्यवहारात पुन्हा १९८७ चे ‘पुरेसे’.

हाती राहिली ती माहिती. २०१६ पासून प्रत्येक नर्सिंग होमला रोजच्या कामाचे तास पगारपत्रकावरून सरकारला कळवावे लागतात आणि ते सर्वांना बघता येतात. २०२२ पासून शनिवार-रविवारचे तास आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाणही. न्यू जर्सीत आई-वडिलांसाठी जागा शोधणाऱ्या मराठी मुलामुलींनी दर्शनी हॉलमधला पियानो आणि सरकारने दिलेलं एकूण तारांकन बघून झालं की हे दोन आकडे आधी काढावेत. आणि भेट द्यायची ती रविवारी दुपारी, सूचना न देता.